सभा शाखेतले बुवा

३ ऑगस्ट १९७२

आज रुजू झालो. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, पण दिवसभर इतकी किळस आली की ती कुठंतरी ओतल्याशिवाय जेवण जाणार नाही. म्हणून ही वही.

कृषी विद्यापीठ म्हणजे काष्टीच्या पुढं उघड्या माळावर पत्र्याच्या चार शेड. पाटी मात्र अशी की वाचणाऱ्यानं चप्पल काढावी. माझी नेमणूक सभा शाखेत. मोठ्या लोकांच्या बैठका भरवायच्या, आणि ते जे काय बरळतील ते नंतर शहाण्यासारखं करून इतिवृत्तात लिहायचं. टेबलावर खळीची बाटली आहे, तिच्यात माश्या मरून पडल्यात. कोपऱ्यात कमरेइतक्या उंचीपर्यंत पानाच्या पिचकाऱ्या. आधीचा कारकून खुर्चीच्या हाताला नाक पुसत असावा. मी खुर्ची पुन्हा पुन्हा पुसली, तरी दिवसभर कोपर वर उचलूनच बसलो.

घरी आल्यावर बायकोनं, नीलांबरीनं, विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, स्वच्छ काम आहे.

खरं म्हणजे कीर्तनाचा वीट आला म्हणूनच इथं आलो. आमच्या घरात पणजोबांपासून सगळे कीर्तनकार, आणि सगळ्यांनी लोकांच्या ओसरीवर पडून दिवस काढले. मी बाहेरून बी.ए. केलं, पण चिपळ्या सुटल्या नाहीत. त्या सुटल्या गेल्या चैत्रात, तिसगावला. पूर्वरंग झाला, मला बुक्का लागला, हार पडला, उत्तररंगात राजाचं आख्यान चांगलं चढलं होतं. राजाला नुकता स्मशानाच्या दारात आणून उभा केला होता. तेवढ्यात आबासाहेबांची जीप आली. नुकतेच निवडून आलेले आबासाहेब. यजमान म्हणाले, बुवा, जरा थांबा, साहेबांचा सत्कार उरकून घेऊ. वेळेवर हार मिळेना म्हणून माझ्या गळ्यातला काढून साहेबांच्या गळ्यात घातला. मग भाषण झालं, साहेब निघाले, आणि त्यांच्यामागं अख्खा मांडव उठून गेला. उरला फक्त पेटीवाला, आणि तोही बसल्या जागी झोपला होता.

पुढं आबासाहेबांच्या कानावर हे गेलं. माणूस ओशाळला असावा. निरोप आला, शिकलेले आहात, आमच्या विद्यापीठात या. ते इथल्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष आहेत. मी आलो. अंगरखा आणि फेटा ट्रंकेत गेला. सहा महिने तात्पुरता, मग कायम. एकदा कायम झालो की पुन्हा कुणापुढं हात पसरून उभं राहायचं नाही.

२१ ऑगस्ट

कुलसचिव गंधेसाहेब पुण्याचे. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. टाचणीनं कान कोरतात आणि तीच टाचणी फायलीला लावतात. ती फाईल माझ्याकडे येते.

फायलीवर त्यांचे दोनच शब्द असतात, 'चर्चा करावी'. चर्चा करायला गेलं की म्हणतात, लिहून आणा. लिहून नेलं की पुन्हा 'चर्चा करावी'. एक फाईल अशी माझ्या आधीच्या माणसापासून फिरते आहे. विषय काय, तर मुतारीला दार बसवणे. दार अजून नाही, आणि वारा माझ्या खिडकीकडे वाहतो.

१५ सप्टेंबर

मी बुवा होतो हे आज कचेरीला कळलं. सांगितलं कुणी? आमचा शिपाई कानिफनाथ. त्यानं मला मिरजगावला ऐकलेलं. म्हातारा पाया पडायला आला, मी पाय मागं घेतले. संध्याकाळपर्यंत अकौंट्सचा पोरगेला कारकूनसुद्धा 'काय बुवा' म्हणायला लागला.

गंधेसाहेबांनी बोलावून घेतलं. एका साखर कारखानदाराचा सत्कार आहे, मानपत्र लिहाल का? तुमच्याकडे शब्द आहेत म्हणे. लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत लिहून झालं. त्या माणसाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळं सोपं गेलं.

४ ऑक्टोबर

मानपत्र गाजलं. आता दुखवट्याचा ठरावही माझ्याकडे. कुणी प्राचार्य वारले, मंडळाच्या बैठकीत मी ठराव वाचला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले. बसताना आबासाहेब म्हणाले, "बुवा, आम्ही मेल्यावर आमचंही तुम्हीच लिहा." सगळे हसले. मीही हसलो, आणि हसलो म्हणून नंतर स्वतःचीच शिसारी आली.

साचा असा आहे. पहिल्या वाक्यात पोकळी, दुसऱ्यात आधारवड, तिसऱ्यात गोरगरिबांचा कैवारी, शेवटी ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. फक्त नाव बदलायचं. कीर्तनात निदान राजा राजा असायचा आणि चांडाळ चांडाळ. इथं सगळेच आधारवड.

मला दुसरी खुर्ची मिळाली. नवी आहे, तिच्या हातांना अजून कुणी काही पुसलेलं नाही.

१० नोव्हेंबर

दिवाळी अशीच गेली. पाऊस गेला तो गेलाच. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी घशाखाली उतरत नाही, नीलांबरी ताकात कुस्करून देते. सडकेवर दुष्काळी कामाची माणसं खडी फोडत बसलेली असतात, त्यांच्या बायका, पोरं, सगळी एकाच रंगाची दिसतात. मी जाताना दुसरीकडे बघतो.

विद्यापीठाच्या विहिरीचं पाणी गढूळ येतं, त्यात बारीक अळ्या. कचेरीचा माठ भरायला भिमाजी नावाचा गडी आहे, धोतराच्या फडक्यातून पाणी गाळून देतो. फडकं पाहिल्यावर मला तहान लागत नाही.

आज तो माठ भरून तसाच उभा राहिला. मी मान वर केली, तर म्हणतो, "बुवा, तिसगावला मी हुतो. समदे उठून गेले, मी आन् माझी बायकू बसलेलोच हुतो मागं. तुमी दिसला न्हाईत मग." मग जरा थांबून, "राजाचं पुढं काय झालं? त्यो अजून स्मशानाच्या दारातच उभा हाय जनू."

मी म्हटलं, गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तो म्हणाला, "म्हाईत हाय वो. तुमच्या तोंडून न्हाई म्हाईत." मी सांगितलं, आता इतिवृत्त लिहायचंय, नंतर बघू. खुशीत गेला. अशा लोकांना 'नंतर' म्हटलं तरी चालतं.

२७ नोव्हेंबर

विहीर खोल करताहेत. दिवसभर सुरुंग. पत्रे थरथरतात, टेबलावर धूळ, दातांत धूळ. कुलगुरू मुंबईला गेलेत ते आवाज संपल्यावर येणार आहेत.

१२ डिसेंबर

भिमाजी गेला.

सकाळी माठ कोरडा होता. मी कानिफनाथला झाडलं, भिमाजी कुठं आहे, विहिरीचं काम कुठवर आलंय ते तरी बघून ये म्हणावं. भिमाजी गेला बघायला. एक सुरुंग उडाला नव्हता. तो का उडाला नाही ते बघायला ओव्हरसियरनं समोर दिसला त्याला खाली सोडलं. मी फक्त काम कुठवर आलंय एवढं विचारलं होतं. खाली उतरायला ओव्हरसियरनं सांगितलं, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

वर काढलं तेव्हा मी गेलो नाही. कानिफनाथ गेला होता. आल्यावर त्यानं मुतारीमागं जाऊन अंगावर पाणी घेतलं.

१४ डिसेंबर

कालपासून एकच चर्चा, माणूस कुणाचा? ठेकेदार म्हणतो, माठ भरणारा गडी माझा कसा? गंधेसाहेब म्हणतात, विहिरीत मेला म्हणजे विहिरीवरचा, विहीर ठेकेदाराची. चहा पिता पिता बोलणं चाललं होतं. साय धरलेला चहा, साय बोटानं काढून बशीच्या कडेला पुसायची, आणि मग म्हणायचं, फार वाईट झालं.

मी सभा शाखेचा म्हणून मला बजावलं, या माणसाचा दुखवटा नको. कुलसचिव म्हणाले, "धर्माधिकारी, ठराव केला की तो आपला झाला. आपला झाला की बायको जागा मागणार. एकीला दिली की रांग लागेल." मुद्दा बरोबर आहे. प्रशासनात भावनेला जागा नसते हे मला इथं येऊन कळलं आहे.

माठाला आता दुसरा गडी आहे. मी घरून फिरकीचा तांब्या आणायला लागलो.

३ जानेवारी १९७३

भिमाजीची बायको बनुबाई रोज फाटकाजवळच्या लिंबाखाली येऊन बसते. ना रडणं, ना ओरडणं. आपल्या माणसाच्या जागी कामावर घ्या, एवढंच म्हणणं. पहिले काही दिवस लोक तिच्याशी बोलायचे, आता वळसा घालून जातात. तिच्या तोंडावर माश्या बसतात, ती हाकलत नाही. माझ्या खिडकीतून नेमकी तीच दिसते. मी खिडकी लावून घेतो, तर मुतारीचा वास कोंडून राहतो.

११ जानेवारी

आज तिनं मला गाठलं. म्हणाली, "त्या मास्तराचं नाव घेऊन समदे उबे ऱ्हायले म्हनं. तसं माझ्या मानसाचं येकदा घ्या की. तुमच्या तोंडून निगालं तर त्येला बरं वाटंल."

तिला कुणी शिकवलं असावं असं मला आधी वाटलं. पण नाही, तिला खरंच तेवढंच वाटत होतं. नाव घेतलं की काय होतं, हे फक्त गंधेसाहेबांना आणि मला ठाऊक. मी तिला नियम समजावून सांगितला. तो आस्थापनेवर नव्हता, बाई. तिनं विचारलं, "कशावर नव्हता?" मी फाटकाबाहेर पडलो. घरी येऊन आंघोळ केली.

१ फेब्रुवारी

सहा महिने भरत आले. माझा कायमचा हुकूम टाईप होऊन गंधेसाहेबांच्या टेबलावर पडला आहे, सही तेवढी बाकी. मी चोरून पाहिलं. 'सभा शाखेचे काम समाधानकारक' असा शेरा आहे. नीलांबरीला सांगितलं, तिनं देवापुढं साखर ठेवली.

५ फेब्रुवारी

आबासाहेबांच्या मातोश्री गोजरबाई वारल्या. नव्वदीच्या पुढं होत्या, वर्षभर अंथरुणात. शुक्रवारी विद्यापीठाच्या पटांगणात मोठी शोकसभा. मांडव, लाऊडस्पीकर, आसपासच्या गावांना निमंत्रण. दुष्काळात मांडवाचं कापड मिळेना म्हणून दोन ट्रक नगरला पिटाळलेत. सभा झाली की तुमच्या हुकुमावर सही करतो, गंधेसाहेब म्हणाले. म्हणजे काय ते मी समजलो.

ठराव माझाच. आणि खरं सांगतो, चांगला उतरलाय. म्हातारीला मी पाहिलेलं नाही. नीलांबरीला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती, थांबली आणि म्हणाली, "छान आहे. पण यात त्या बाई कुठंयत?" बायकांना प्रशासकीय मराठी कळत नाही.

९ फेब्रुवारी

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, पुढं उपयोगी पडेल.

मांडव गच्च. पुढं कोच, कोचावर पुढारी, मागं सतरंजीवर खडी फोडणारी माणसं. त्यांना कामावरून सुट्टी देऊन आणलेली. फाटकाजवळ लिंबाखाली बनुबाई. मी माइकपुढं उभा राहिलो. सुरुवातीची दोन वाक्यं कोरडी गेली. मग काय झालं कळत नाही, आवाज सापडला. तिसगावनंतर पहिल्यांदाच. मागचे लोक पुढं सरकून ऐकायला लागले. आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ठराव संपला, मी सगळ्यांना उभं राहायची विनंती केली आणि सगळे उभे राहिले. आता एकच वाक्य उरलं होतं.

आणि ते वाक्य म्हणताना जीभ घसरली. मी म्हणालो, "मातोश्री कैलासवासी गोजरबाई, आणि आपल्या विद्यापीठाला पाणी पाजणारे, विद्यापीठाच्याच विहिरीत कामी आलेले भिमाजी, या दोघांच्या स्मृतीस आपण सारे अभिवादन करू या."

ही सवय आहे. कीर्तनात एक दम भरला की वाक्य त्याच दमात पुरं करावं लागतं. दम उरला होता आणि तोंडात जे आलं ते गेलं. दुसरं काही नाही.

उभा राहिलेला माणूस दुखवट्यात खाली बसत नाही. गंधेसाहेब माझ्याकडे बघत होते, तेही उभेच होते. आबासाहेब डोळे मिटून, हात जोडून. मागं खडीवाल्यांनी टोप्या काढल्या. 'ओम शांती' मी म्हणायचं असतं, त्याशिवाय कुणी हलत नाही. ते म्हणायचं मी विसरलो. सगळे तसेच उभे राहिले. कोचावरचे लोक पाय बदलायला लागले. शेवटी गंधेसाहेब खोकले तेव्हा मी म्हटलं.

घरी येऊन नीलांबरीला म्हणालो, जीभ घसरली. ती म्हणाली, "तुमची जीभ घसरलेली मी तरी कधी ऐकली नाही." तिला या कामातली जोखीम कळत नाही.

१० फेब्रुवारी

गंधेसाहेबांनी दार लावून घेतलं. त्यांचा गोड आवाज आणखी गोड झाला होता. म्हणाले, इतिवृत्त तुम्हीच लिहिणार ना, मग तुम्हीच दुरुस्त करा. दोन ओळी टाका, भिमाजी यांचे नाव नजरचुकीने उच्चारले गेले, सदर इसमाचा विद्यापीठाशी संबंध नव्हता. आबासाहेब सोमवारी येणार, त्याआधी द्या. तुमचा हुकूम इथंच आहे.

मी बरं म्हटलं. न म्हणायला काय झालं? दोन तर ओळी. मी न पाहिलेल्या माणसांना आधारवड केलंय.

संध्याकाळपर्यंत बसलो. 'सदर इसमाचा' एवढं लिहून होतं, मग तोंडाला पाणी सुटतं आणि मळमळतं. मुतारीमागं जाऊन ओकलो. कानिफनाथनं तांब्या भरून दिला. माठातलं पाणी होतं, फडक्यानं गाळलेलं. प्यालो.

११ फेब्रुवारी

रविवार. घरी बसून लिहायचा प्रयत्न केला. नाही झालं. पित्त असावं. नीलांबरीनं आल्याचा रस दिला, आणि दौत उचलून वर फळीवर ठेवली.

१२ फेब्रुवारी

आबासाहेब आले. गंधेसाहेबांच्या खोलीत आम्ही तिघं. माझ्या हातात कोरा कागद.

आबासाहेब म्हणाले, "बुवा, माझ्या आईच्या बरोबरीनं तुम्ही त्याचं नाव घेतलंत." मी मान खाली घातली. गंधेसाहेब लगेच म्हणाले, साहेब, नजरचुकीनं झालं असं नमूद करतो आहोत, त्याचा आपल्याशी काही संबंध नव्हता.

आबासाहेब त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे मी नजरचुकीनं उभा राहिलो? चार गावांनी मला हात जोडलेलं बघितलंय. मी काय ठेकेदाराच्या गड्याला हात जोडले? तो आपला माणूस होता म्हणून उभा राहिलो. तसं लिहा."

गंधेसाहेब म्हणाले, "मग त्याच्या बायकोचं?"

"आपला होता तर बायकोला घ्या पाण्यावर. त्यात विचारायचं काय?"

मला ओकारी यावी असं हे होतं. एका बाईची भाकरी कशावर ठरली, तर साहेबांची मान खाली जाऊ नये यावर. भिमाजीचं नाव त्यांना नीट आठवतही नव्हतं, एकदा भिकाजी म्हणाले. गंधेसाहेब तर लगेच म्हणाले, माझंही हेच मत होतं. पेन काढून त्यांनी तिच्या नेमणुकीच्या फायलीवर सही केली. 'चर्चा करावी' नाही, काही नाही, नुसती सही. मुतारीच्या दाराची फाईल मात्र अजून फिरतेच आहे.

मग माझी फाईल. कुलसचिव म्हणाले, धर्माधिकारींचा कल जरा भावनेकडे आहे, सभा शाखेला जोखीम होईल. जामखेडच्या आपल्या बियाणं गोदामावर माणूस हवाच आहे. कायम करायचं की नाही ते तिकडचं काम बघून ठरवू. आबासाहेबांनी मान हलवली. ते तेव्हा घड्याळाकडे बघत होते.

इतिवृत्त मात्र मी एका बैठकीत लिहिलं. 'विद्यापीठाचे कर्मचारी भिमाजी.' मळमळ झाली नाही. आल्याचा रस लागू पडला म्हणायचा.

२० फेब्रुवारी

नीलांबरीनं ट्रंक भरली. अंगरखा आणि फेटा इथंच कुणाला तरी देऊन टाक असं मी सांगितलं होतं, तर तिनं ते सगळ्यात वर, घडी घालून ठेवलेत. जामखेडला गोदामात उंदरांना कीर्तन सांगू का, मी विचारलं. ती म्हणाली, आधी जाऊ तर.

२२ फेब्रुवारी

सामान टेम्पोत चढलं. नीलांबरी पुढं बसली. मी टेबलाची किल्ली द्यायला कचेरीत गेलो. खळीच्या बाटलीत नव्या माश्या होत्या.

बनुबाईनं तांब्या आणून ठेवला. कामावर येऊन तिला आठवडा झाला. लुगडं धुतलेलं, केसांना पाणी लावलेलं. मी पाणी प्यालो. तिनं पायाला हात लावायला वाकू नये म्हणून मी आधीच सांगून टाकलं, हे बघ बाई, ते नाव माझ्याकडून चुकून गेलं. माझ्या मनात तसं काही नव्हतं. मी त्या दिवशी सकाळी फक्त काम कुठवर आलंय एवढं विचारलं होतं. हे शेवटचं वाक्य तिला सांगायचं काही कारण नव्हतं.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "व्हय. चुकूनच गेलं, असंच सांगा समद्यांना." मग तांब्या उचलला, पण गेली नाही. "राजाचं पुढं काय झालं तेवढं सांगून जावा. त्येंचं ऐकायचं ऱ्हायलं. मला तरी कळू द्या."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी तिला सांगणार होतो की उशीर झालाय. पेटी नाही, तबला नाही, आणि समोर भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. टेबलावर हात टेकला आणि राजा स्मशानाच्या दारात जिथं उभा होता तिथून सुरुवात केली.

थोड्या वेळानं कानिफनाथ आत आला आणि म्हणाला, बुवा, टेम्पो खोळंबलाय. बनुबाई आधीच खाली बसली होती. मी त्यालाही बस म्हटलं.